बिनआवाजाची पेटी

संगणकातला पंखा घरघरतो, हे साबिरला लग्नानंतर चौदा वर्षांनी ऐकू आलं. पंखा आधीपासून घरघरतच होता. पण त्या दिवशी दोंब्राची, म्हणजे दोन तारांच्या कझाक वाद्याची, एक संथ धून लावून साबिर डोळे मिटून बसला होता, आणि दोन सुरांच्या मधल्या फटीतून घर्रर्र असं काहीतरी आत शिरलं. एकदा ऐकू आल्यावर मग ते ऐकू न येण्याचा प्रश्नच उरला नाही. संध्याकाळपर्यंत त्याला धून ऐकू येईनाशी झाली आणि नुसता पंखाच ऐकू यायला लागला.

"ठरलं," तो बायकोला म्हणाला. "आपण घरीच बिनपंख्याचा संगणक बांधायचा. फक्त संगीतासाठी."

(साबिर अल्माटीत गरम पाण्याच्या नळांचे नकाशे सांभाळणाऱ्या कचेरीत होता. त्यानं आयुष्यात हातानं बांधलेली शेवटची वस्तू म्हणजे बाल्कनीतली कपड्यांची दोरी, आणि तीही तुटली होती.)

कार्लिगाश शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "पंखा नाही म्हणजे तो तापणार."

"तापेल, पण मुकाट्यानं तापेल."

"असं एक माणूस मला घरात हवंच होतं," ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.

तीन महिने साबिर त्या पेटीला चिकटून होता. पेटी काळी, अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही बाजूंना पात्या, आतली उष्णता तांब्याच्या नळ्यांतून त्या पात्यांत यायची. वरच्या अंगाला हवा जायला लांबट फटी. आत फिरणारं, हलणारं, कुरकुरणारं काही म्हणजे काही नाही. पडदाही नाही, सगळा कारभार फोनवरून. पेटी चालू आहे हे सांगणारा एक छोटा हिरवा दिवा होता; पण दिव्यानंही आवाजात खोट येते असं साबिरनं कुठंतरी वाचलं आणि त्याची तार कापून टाकली. आता पेटी चालू आहे की मेली आहे, हे तिच्यावर हात ठेवल्याशिवाय कुणालाही कळत नव्हतं. तापलेली असली म्हणजे जिवंत.

पेटी गप्प झाली आणि घर बोलायला लागलं. पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते बाथरूममध्ये गेलं. मग खिडकीचं तावदान, त्यात कागदाच्या घड्या कोंबल्या. मग फ्रिज. साबिर ऐकायला बसला की आधी स्वयंपाकघराकडं बघून ओरडायचा, "कार्लिगाश, फ्रिज बंद कर!" एकदा तो नंतर चालू करायचाच राहिला आणि हिवाळ्यासाठी राखून ठेवलेलं घोड्याचं मांस पाण्यात बसलं. त्या रात्री कार्लिगाशनं शांतपणे विचारलं, "घड्याळ झालं, फ्रिज झाला. आता यादीत माझा नंबर कधी?"

साबिर फडकं घेऊन फ्रिजखालचं पाणी पुसायला लागला. (ती श्वास जरा जोरात घेते, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण तेवढी अक्कल त्याला होती.)

हे सगळं एवढ्यावर थांबलं असतं. पण केगेन गावाहून सासूबाईंचा फोन आला.

कुल्याश-आपांना जाऊन-येऊन एकच गोष्ट हवी होती. त्यांचे यजमान ओराझअली जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते खेड्यातले नावाजलेले दोंब्रावाले. त्यांची स्वतः बांधलेली एक धून कुणीतरी १९८१ साली घरी येऊन टेपवर घेतली होती, आणि ती चकतीवर गुंडाळलेली टेप आपांच्या पेटाऱ्यात पडून होती. वाजवायला यंत्र नव्हतं. "बाळा, तू एवढं मोठं गाण्याचं यंत्र करतोयस म्हणे," आपा फोनवर म्हणाल्या. "एकदा मला ह्यांना ऐकव. माझे कान आता चाललेत. ते जायच्या आधी."

"आपा, असं ऐकवतो की ते समोर बसलेत असं वाटेल!" साबिर छाती फुगवून म्हणाला. आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

टेप आली. एका निवृत्त ध्वनिमुद्रकाकडून साबिरनं जुनं यंत्र उसनं आणलं, तारा जोडल्या, आणि रविवारी सकाळी घरात जमावबंदी पुकारली. "कुणी हलायचं नाही!" कार्लिगाश स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, ती सुरी हातात धरून सात मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिली. (फ्रिज बंद करायचं मात्र ती विसरलीच. त्यावरून साबिर मधेच ओरडला. त्याचं ओरडणं तारांतून थोडंच आत जाणार होतं!) धून संपली, पेटीत उतरली, आणि कार्लिगाश डोळे पुसत भाजी आणायला बाहेर पडली. कांद्यामुळं, असं साबिरला वाटलं.

तेवढ्यावर थांबला असता तर तो साबिर कसला! आणखी एक स्वच्छ प्रत घ्यावी म्हणून त्यानं टेप उलटी फिरवली. चाळीस वर्षांची ती टेप, तिला एवढा वेग कुठला सोसायला! कर्र असा आवाज झाला आणि सासऱ्यांची धून वाळलेल्या शेवयांसारखी तुकडे तुकडे होऊन सतरंजीवर पडली.

साबिर गुडघ्यांवर बसला. त्यानं सगळे तुकडे गोळा केले, बुटांच्या खोक्यात भरले, खोकं बाल्कनीत लोणच्याच्या बरण्यांमागं लपवलं, आणि बायकोला सांगितलं की टेप 'सुरक्षित जागी' आहे. पेटीत प्रत आहे ना, मग झालं, अशी स्वतःची समजूत घातली.

आता त्या प्रतीत एक खोट होती. धुनेच्या मागं सतत धप्, धप् असा जाड, ओलसर आवाज येत होता. टेपच्या चाकाचा दोष असणार. साबिर कानांना हेडफोन लावून फोनवर आणि पेटीवर अकरा दिवस बसला आणि एकेक धप् हुडकून त्यानं मुळासकट काढून टाकला. तीनशे बारा. शेवटी उरली ती निव्वळ दोंब्रा आणि मधेमधे अशी काही खोल शांतता, की ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. मूळची धपधपवाली प्रत त्यानं पुसून टाकली. कपडे धुतल्यावर मळकं पाणी कुणी बादलीत जपून ठेवतं का?

ही स्वच्छ केलेली धून ऐकायचा पहिला मान आपांचा, असं त्यानं जाहीर केलं. कार्लिगाशलासुद्धा ऐकू दिली नाही.

आपा शनिवारी दुपारी आल्या. बरोबर गावातले वडीलधारे मुकान-अक्साकाल होते, ओराझअलींचे जिवाभावाचे मित्र, ऐंशीचे, पांढरी दाढी छातीवर. साबिरनं सकाळपासून पेटी चालू ठेवली होती. बैठकीच्या खोलीत दारासमोरच्या मानाच्या जागी, बुटक्या चौरंगावर ती काळी पेटी बसली होती.

"हेच का ते?" आपांनी दारातूनच विचारलं. साबिर अभिमानानं हो म्हणाला. आणि त्याच क्षणी आपांचा हात कोटाच्या खिशात गेलेला त्याला दिसला.

घरात नवी सून येवो, नवी गाडी येवो, नवं काहीही येवो, त्यावर चॉकलेटं आणि नाणी उधळायची. शाशू. साबिर जन्मापासून बघत आला होता, लहानपणी त्यातली चॉकलेटं वेचायला तो धक्काबुक्की करायचा. पण आज ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. आणि शाशूचा उगारलेला हात धरणं म्हणजे अपशकुन.

"आपा, जरा..." एवढंच तो म्हणाला.

"घरात आनंद नांदो!" आपांनी मूठ मोकळी केली.

चॉकलेटांचा आणि नाण्यांचा पाऊस पेटीवर पडला. काही पात्यांवरून घरंगळली, काही गालिच्यावर गेली. एक वीस तेंगेचं नाणं मात्र कडेवर उभं राहिलं, हळूहळू गडगडत वरच्या फटीपाशी आलं, क्षणभर थांबलं आणि आत गेलं.

टिंग.

 आत उघड्या तारा, उघडे सांधे. नाणं नको तिथं आडवं पडलं तर एक ठिणगी, आणि ओराझअली दुसऱ्यांदा गेले. टेप बुटांच्या खोक्यात, मूळ प्रत पुसलेली. जगात ती धून आता फक्त ह्या पेटीत होती आणि पेटीच्या पोटात वीस तेंगे होते.

पेटी बंद करून उघडावी? झाकणाला बारा स्क्रू, तेही खालून. आणि पाहुण्यांसमोर उघडायची म्हणजे 'आपा, तुमच्या आशीर्वादानं माझं यंत्र बिघडलं' असं सांगणं आलं. तो दबकत पुढं गेला, दोन्ही हात पेटीवर ठेवून डोळे मिटले. गरम आहे? आहे. जिवंत आहे. देवा, जिवंत राहू दे.

मागून आपांचा भरून आलेला आवाज आला, "बघितलंत मुकान? पोरगा सासऱ्याच्या नावानं प्रार्थना करतोय."

मुकान-अक्साकालांनी लगेच तळवे वर केले. मग आपांनी केले, कार्लिगाशनं केले. सगळ्यांनी मिळून पेटीला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. साबिरनं 'आमीन' म्हटलं, पण इतक्या कळवळून की कार्लिगाशनं त्याच्याकडं वळून बघितलं.

मग जेवणासाठी दस्तरखान अंथरला. वडीलधाऱ्यांनी अर्थातच मानाच्या जागी बसायचं, आणि मानाच्या जागी पेटी. आपा गादीवर टेकल्या, जराशा मागं सरकल्या आणि त्यांची पाठ पेटीला लागली.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "ऊब आहे की ह्याला. माझ्या कमरेसाठीच केलंय जणू." आणि त्यांनी पेटी आणि पाठीच्या मधे एक जाड उशी सारली, वरून खांद्यावरची लोकरीची शाल मागं सोडली. पात्या झाकल्या. फटी झाकल्या.

"आपा, इकडं बसता का? इकडं... उजेड छान आहे," साबिर म्हणाला.

"मला काय पोथी वाचायचीय? इथं बरं आहे."

"गुदमरेल," साबिरच्या तोंडून निसटलं.

"कोण?"

"खोली... खोली गुदमरलीय. खिडकी उघडतो."

पुढचे दोन तास साबिर जीव मुठीत धरून बसला. आधी दुधाचा चहा, मग तळलेले बौर्साक, मग पुन्हा चहा, मग मांसाची परात. जावयाचा मान म्हणून छातीचा तुकडा त्याच्या पुढ्यात आला, तो त्यानं नुसताच इकडून तिकडं फिरवला. मोठ्यांच्या पाठीमागून जाऊन पेटीला हात लावावा तर रीत आडवी येत होती. त्याला मधेच जळका वास आला.  तो ताडकन उठला.

"बस, बस," कार्लिगाश म्हणाली. "कांदा लागलाय खाली. तुला काय झालंय आज? घाम केवढा आलाय!"

"खोली गुदमरलीय," साबिर म्हणाला.

"बरं, ती टेप कुठाय रे?" आपांनी हात पुसता पुसता विचारलं. "आधी हातात घेऊ दे. डोळ्यांना लावते, मग ऐकते."

"टेप... सुरक्षित आहे, आपा. आधी ऐका तरी. नंतर डोळ्यांना लावा."

चोराच्या मनात चांदणं. त्यानं घाईघाईनं फोन काढला. "फ्रिज!" तो कार्लिगाशकडं बघून कुजबुजला. तिनं फ्रिज बंद केला. मुकान-अक्साकालांनी चहाची वाटी खाली ठेवली. खोली स्तब्ध झाली. साबिरनं बोटानं फोनला स्पर्श केला आणि मनातल्या मनात सगळ्या पूर्वजांची नावं घेतली.

काहीच नाही.

एक सेकंद. दोन. तीन.  आणि चौथ्या सेकंदाला (धून सुरू होण्याआधीची शांतता त्यानंच लांबवली होती, हे तो भीतीनं विसरला होता) दोंब्राच्या दोन तारा खोलीच्या मधोमध बोलल्या.

पेटी जगली होती! वीस तेंगे कुठंतरी निमूट पडून राहिले होते. साबिरला रडू आलं, हसू आलं. सूर एवढे स्वच्छ होते की तारेवर फिरणाऱ्या बोटाचं कातडंसुद्धा ऐकू येत होतं. मग धून एका जागी थबकली, आणि तीच ती खोल शांतता आली. साबिरला राहवेना. तो पुढं झुकून म्हणाला, "आपा, ऐका! ही शांतता ऐका! तीन महिने ह्याच्यासाठी झटलो!"

आपा ऐकत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर वरखाली होत होता. पुन्हा शांतता आली तेव्हा तो हात हवेतच थांबला.

धून संपली. मुकान-अक्साकाल दाढी कुरवाळत म्हणाले, "हात ओराझअलीचाच. पण हा असा अडखळतोय का? कुणाची वाट बघतोय?"

"माझी," आपा म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले.

"मी तिथंच बसले होते," आपा म्हणाल्या. "चामड्याच्या पिशवीत घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळत. रवीचा ठोका पडला की ह्यांचा हात पुढं जायचा. मी दमून थांबले की हेही थांबायचे. लोकांना वाटायचं मी ह्यांच्या तालावर घुसळते. उलटं होतं ते. ती धून माझ्या ठोक्यांवर बांधलीय." त्यांनी साबिरकडं बघितलं. रागानं नाही, नुसतंच. "बाळा, ह्यात मी कुठंय?"

तीनशे बारा, साबिरच्या डोक्यात आलं. तीनशे बारा वेळा आपण सासूबाईंना नवऱ्याच्या शेजारून उठवलं.

"तो... दोष वाटला मला, आपा. काढून टाकला."

"असू दे. टेप आहे ना? तिच्यावरून पुन्हा घे."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. साबिर उठला, बाल्कनीत गेला, बरण्या सरकवल्या आणि बुटांचं खोकं आणून आपांसमोर ठेवलं. आपांनी झाकण उघडलं. त्यातला एक तपकिरी तुकडा त्यांनी बोटांत धरायचा प्रयत्न केला, त्याचाही भुगा झाला.

आता घरात खरी शांतता पसरली. घड्याळ नाही, फ्रिज नाही, पंखा नाही. साबिरला वाटलं, ह्या क्षणी कुणीतरी ओरडावं, निदान शिव्या तरी घालाव्यात. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आवाज हवा होता.

"रागवा हो, आपा," तो म्हणाला. "माझं चुकलं. फार चुकलं."

आपांनी खोक्याचं झाकण हळूच लावलं आणि ते मांडीवर घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्याकडं बघणं साबिरला जमेना.

तेवढ्यात कार्लिगाशनं आपला फोन दस्तरखानावर, बौर्साकच्या ताटाशेजारी ठेवला. फोनची काच तडकलेली होती.

"मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "बाबांचा सूर ऐकू आला. सुरी एका हातात होती, दुसऱ्या हातानं हा चालू केला. रोज बसमध्ये ऐकते मी."

"आणि मला पाठवलं नाहीस, बये?"

"ह्याचे तीन महिने पाण्यात गेले असते, आपा. म्हटलं, पहिल्यांदा ह्याच्या पेटीवर ऐका."

तिनं फोन सुरू केला. सगळ्यात आधी ऐकू आली ती फ्रिजची घुर्रर्र. मग नळाचं टपटप, रस्त्यावरची एक मोटार. ह्या सगळ्या गोंधळाच्या पलीकडून, भिंतीआडून आल्यासारखी, दोंब्रा. आणि तिच्या शेजारी धप्. धप्.

आपांचा हात पुन्हा मांडीवर पडू लागला. एकही ठोका चुकला नाही. धून थबकली, धप् आला, धून पुढं गेली. "ह्या इथं मी रवी बदलली," आपा हसत, रडत म्हणाल्या. "ह्या इथं हे माझ्याकडं बघून हसले, म्हणून सूर हलला बघा." मुकान-अक्साकालांनी टोपी काढून डोळे पुसले. साबिर मान खाली घालून ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला इतकं सुंदर संगीत आजवर कधी ऐकू आलं नव्हतं.

आणि मग धून अगदी ऐन उंचीवर पोचली असताना, सगळ्यात नाजूक जागी, फोनमधून एक कर्कश आरोळी आली, "श्श! कार्लिगाश, फ्रिज बंद कर!"

आपा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढच्या उन्हाळ्यात केगेनला ओराझअलींच्या नावानं मोठं जेवण झालं. चाळीस माणसं तंबूत बसली होती. दोंब्रा, कुमिसची रवी, अल्माटीचा फ्रिज, सगळं व्यवस्थित ऐकू आलं. आणि ती जागा जवळ आली तशा लोकांनी वाट्या खाली ठेवल्या, पोराबाळांनी श्वास रोखला आणि चाळीसच्या चाळीस जण एकमुखानं गरजले, "फ्रिज बंद कर!" केगेनमध्ये आता साबिरला साबिर म्हणून कुणी ओळखत नाही. सगळे त्याला फ्रिजवाला जावई म्हणतात.

पेटी सध्या आपांकडं असते. थंडीत त्या तिला टेकून कमर शेकतात, आणि मधल्या वेळात तिच्यावर दुधाचं पातेलं दही लागायला ठेवतात. दही उत्तम लागतं. नाणं आतच आहे, ते काढायची साबिरची हिंमत होत नाही.

त्या जेवणाच्या दिवशी लाजेनं लालबुंद होऊन तो आपांना हळूच म्हणाला होता, "आपा, तेवढं माझं ओरडणं काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"खबरदार!" आपा म्हणाल्या. "एकदा मला काढलंस, तेवढं पुरे. आता कुणाला काढायचं नाही. ते आहेत, मी आहे, लेक आहे, जावई आहे. राहू दे सगळे."

साबिरचा ऊर भरून आला. तो मुकान-अक्साकालांकडं वळला. वाटलं, जाणता माणूस आहे, दोन शब्द बरे बोलेल.

म्हाताऱ्यानं कुमिसचा घोट घेतला, दाढी पुसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "फ्रिज मात्र सुरात आहे हो. तू तेवढा बेसूर आहेस."